एकाहत्तर नंबरचा शर्ट

९ जुलै

ही वही नोरीननं दिली. म्हणाली, "तुझं बोलणं संपत नाही लाइल. थोडं यात ओतत जा, म्हणजे आम्हा दोघींना जेवताना घास तरी गिळता येईल." दोघी म्हणजे माझी बायको आणि आमची सहा वर्षांची टिली.

तर वहीबाई, ओळख करून देतो. लाइल ब्रूबेकर. वय बत्तीस. गाव हार्लो फोर्क, नेब्रास्का, वस्ती चारशे अकरा, त्यातले अकरा सध्या दवाखान्यात. धंदा बेसबॉल. लांबच्या मैदानात, कुंपणाजवळ उभं राहून चेंडू झेलायचे. तेरावं वर्ष, आठवं गाव, आजवर तेराशे बारा सामने. सगळे खालच्या लीगमध्ये, जिथून मोठ्या लीगमधल्या वरच्या संघाला पोरं पुरवतात. वरच्या संघात किती दिवस, तर शून्य.

वरच्या संघाचं नाव मी लिहीत नाही. तेरा वर्षांत तोंडातूनही काढलेलं नाही. नाव घेतलं की नजर लागते, असं आमच्यात सगळेच मानतात. मला तिथं घर बांधायचं नाही. एक दिवस हवाय. एक दिवस यादीत नाव लागलं आणि त्या गवतावर एक डाव उभं राहता आलं, की कायमच्या पुस्तकात नोंद होते. मग तुम्ही तीनदा बाद होऊन रडत घरी आलात तरी नोंद कुणी खोडत नाही.

मला कुणी शोधून आणलेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी खुल्या निवड चाचणीला गेलो तेव्हा पायात चुलतभावाचे बूट होते, पुढे कागद कोंबलेले. तीनशे पोरं आली होती, दोघं घेतली. दुसरा पुढच्या वर्षी पाद्री झाला. हिवाळ्यात मी घरांना पन्हाळी बसवतो. एका शिडीवर सुरू केलं, आता तीन माणसं आहेत हाताखाली. आणि इथं केलर्सबर्गला, आमच्या संघाच्या गावी, सगळ्या संघाचे केस मीच कापतो. खुर्चीत बसला की माणूस खरं बोलतो. कान तयार ठेवावे लागतात, बस्स.

१३ जुलै

आज ओस्वाल्दोचे केस कापले. ओस्वाल्दो पेन्या, वय एकवीस, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा. आमच्या उजव्या मैदानात तो असतो. गेल्या वर्षापर्यंत तिथं मी असायचो. पळतो असा की गवताला कळत नाही कुणी येऊन गेलं म्हणून.

"आजोबा, मागून थोडंच काढा हं. तुमच्यासारखं मैदान नका करू."

"गप बस. कात्री माझ्या हातात आहे."

"तुमच्या काळात कात्र्या होत्या?"

पोरगं गोड आहे. बॅटवरून चेंडू सुटला की ते डोळ्यांनी बघतं आणि मग पळतं, एवढीच खोट. त्याला म्हटलं, बाबा, डोळा उशिरा पोचतो. आवाज ऐक. कोरडा 'टक' आला की मागे पळ, ओला 'थप' आला की पुढे ये. आवाज ऐकता ऐकता पहिलं पाऊल पडलं पाहिजे.

स्किपनं हे लांबून ऐकलं. स्किप म्हणजे आमचा मॅनेजर अर्ल ट्विग्ज, एकसष्ट वर्षांचा, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया. म्हणाला, "लाइल, उद्यापासून सरावाला माझ्या शेजारी उभा राहा. त्याचं पहिलं पाऊल कुठं चुकतं ते मला सांग."

स्किपचा माझ्या नजरेवर भरवसा बसतोय. आज नजर, उद्या बॅट.

२६ जुलै

मी आता डावीकडे उभा राहतो. स्किप म्हणाला, तिथून फेक जवळ पडते, खांद्याला बरं. खांद्याला काहीही झालेलं नाही, पण वाद घातला नाही. डावीकडचा वाराही मला मानवतो.

आज एक गंमत झाली. सहाव्या डावात बॅटचा आवाज आला, कोरडा, खणखणीत. मी वळून कुंपणाकडे धावलो. चेंडू माझ्या मागे वीस पावलांवर, म्हणजे मी आधी उभा होतो त्याच्याही पुढे, टपकन पडला. लोक हसले. टिलीसुद्धा हसली, नोरीननं तिला गप केलं.

यंदाच्या बॅटींचं लाकूड बदललंय. कुणी कबूल करणार नाही, पण मला ऐकू येतं.

सामन्यानंतर स्किपनं एक स्टॉपवॉच दिलं. "पोरं पहिल्या बेसपर्यंत किती सेकंदात पोचतात, लिहून ठेवत जा." मी विचारलं, "माझे सेकंद कोण लिहिणार?" स्किपनं बिया थुंकल्या. म्हणाला, "ते लिहिलेले आहेत."

२ ऑगस्ट

नोरीननं जेवताना सांगितलं, "टिलीचं नाव हार्लो फोर्कच्या शाळेत घातलंय. वीस तारखेला सुरू होते."

मी म्हटलं, "बरं केलंस. सप्टेंबरात वरून बोलावणं आलं तर बदलता येईल."

ती ताटं उचलायला लागली. माझं अजून अर्धं जेवण व्हायचं होतं.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून लिहितो, नाहीतर नीट सांगता येणार नाही.

सकाळी अकराला स्किपचे केस कापले. दुपारी दीडचा सामना होता. मधेच त्याचा फोन वाजला. स्किप फोनवर कमीच बोलतो, पण माझे कान त्याच्या कानापासून वीतभर.

"नाही, पोराला नको. पोराला आत्ता अजिबात हलवू नका... म्हाताऱ्याला न्या... हो, मला माहीत आहे. तरीही न्या. माझ्यासाठी. एकदा बघू दे त्याला."

स्किपचे वडील नव्वदीचे आहेत, टेनेसीत. त्यांना कुठंतरी न्यायचं चाललं असावं. असल्या वेळी माणसाला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "स्किप, म्हाताऱ्या माणसाला जेवढं फिरवाल तेवढं बरं असतं." स्किपनं आरशातून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाला, "कानामागचं राहिलंय."

आता खरी गोष्ट. चौथा डाव. मी डावीकडे उभा. आमच्या बाकाकडून राखीव पोरगा धावत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुमच्या जागी मी."

वहीबाई, तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. खेळाडूला काही लागलेलं नसताना भर सामन्यातून काढून घेतात ते दोनच कारणांनी. एक तर त्याला विकलंय, नाहीतर वर बोलावलंय. आणि बत्तीस वर्षांच्या माणसाला विकत कोण घेतंय?

ते दीडशे पावलांचं अंतर मी कसं चाललो, आठवत नाही. पायरीवर पोचलो तर ओस्वाल्दो समोर. त्यानं मला उचललंच. "आजोबा! आजोबा!" मग सगळेच. आमच्यात रीत आहे, जाणाऱ्याला प्रत्येकानं मिठी मारायची. चेंडू फेकणारे पिचर, राखीव, पाण्याचे डबे भरणारा मर्ल, सगळ्यांनी मारली. मी तेरा वर्षांत एकोणचाळीस जणांना अशी मिठी मारलीय. मोजलेत. चाळिसावी माझी.

फक्त स्किप आमच्याकडे पाठ करून मैदान बघत होता. हळवा आहे माणूस, दाखवत नाही.

वर बघितलं तर नोरीन उभी होती, तोंडावर हात. रडत होती. हसत मात्र नव्हती. आनंद फार झाला की असंही होतं.

डाव संपल्यावर स्किपनं खोलीत बोलावलं. दार लावलं.

"उद्या सकाळी साडेसहाचं विमान. पण लाइल, नीट ऐक. तिथल्या उजवीकडच्या खेळाडूच्या, राइटफील्डरच्या, मनगटाला काल लागलंय. त्याचा एक्स-रे फोटो उद्या येईल. तोवर तुझं नाव यादीत नाही. गरज पडली तर हाताशी असावा म्हणून जातोयस, एवढंच. फोटो चांगला आला तर..."

"समजलं, स्किप."

"समजलं नाहीये तुला. कुणाला सांगू नकोस."

कुणाला सांगणार? आमचा सामना रेडिओवर जातो. निवेदक ओरडला होता, 'ब्रूबेकरला काढलं आणि खाली मिठ्या चालल्यात, बायांनो आणि बाप्यांनो, मिठ्या!' हार्लो फोर्कमध्ये डॅड तो रोज फोनवर लावून ऐकतात. मी स्किपच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा डॅडचा निरोप येऊन पडला होता: वेंडेल गाडी काढतोय. नऊ तासांत वरच्या मैदानावर पोचतो.

त्यांना थांबवायला फोन केला. उचलला वेंडेलनं, तो आमचा शेजारी. मागून डॅडचा आवाज, "त्याला सांग, बोलून ताकद वाया घालवू नकोस." आणि फोन ठेवून दिला.

१२ ऑगस्ट

दुपारचे चार. हॉटेलची खोली. बिछान्यावर चार उशा आहेत, चारही मऊ.

सकाळी नऊला मैदानावर पोचलो. आत गालिचा आहे. बूट घालून गालिच्यावरून जायचं, कुणी ओरडत नाही. कपाटाशी माझा शर्ट टांगलेला. ब्रूबेकर, सगळी अक्षरं बरोबर. नंबर एकाहत्तर. तिथल्या कपड्यांचा माणूस बर्नी म्हणाला, "विसाच्या आतले नंबर राहायला आलेल्यांचे. सत्तरच्या पुढचे पाहुण्यांचे. मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "पाहुणा का होईना, जेवायला बसलो की झालं."

तिथल्या मॅनेजरनं हात मिळवला. "वेलकम, लॉइड."

"लाइल."

"हो, हो. अर्लनं फार सांगितलंय तुझ्याबद्दल. म्हणाला, असा शिकवणारा मिळत नाही." घाईत होता, 'खेळणारा' म्हणायचं असेल.

सरावाला मैदानात गेलो. गवत... राहू दे. डावीकडच्या कुंपणाशी उभा राहिलो आणि तासभर चेंडू झेलले. अठ्ठेचाळीस आले. एकही सुटला नाही. तिथली भिंत जवळ वाटते पण जवळ नसते. भिंतीलगतच्या पट्टीची खडी पायाखाली लागल्यावरही तीन पावलं उरतात. पहिल्या दोन चेंडूंना घाबरून थांबलो होतो, तरी झेलले. मग कळलं.

सव्वादहाला मागून आवाज आला, "टोपी सरळ कर."

डॅड. पहिल्या रांगेत, कुंपणाला टेकून. रविवारचा कोट, पायात मात्र गोदामातले बूट. चाळीस वर्षं धान्याच्या गोदामात काढली त्यांनी, धुळीनं आवाज गेलाय, पण तेवढं वाक्य स्पष्ट आलं. शेजारी वेंडेल, उभ्याउभ्या झोपलेला.

"डॅड, अजून नक्की नाही काही."

"शर्ट तुझाच आहे ना?"

"आहे, पण..."

"मागे वळ. बघू दे." वळलो. मग म्हणाले, "हं. जा. काम कर तुझं. चेंडू येतोय."

सामना एकचा. बारा वीसला मॅनेजरनं खोलीत बोलावलं. मनगटाचा फोटो स्वच्छ आला होता. हाड ठीक, नुसती सूज. राइटफील्डर खेळणार.

"उद्यापर्यंत थांब. सूज वाढली तर बघू. आज मात्र बाकावर बसता येणार नाही, यादीत नाव नाही ना. नियम आहे. तुझ्या घरच्यांना पास देतो, त्यांच्याबरोबर बस."

मी शर्ट काढून टांगला. आपल्या घरच्या शर्टात डॅडच्या शेजारी जाऊन बसलो. डॅड हॉट डॉग घेऊन आले, माझ्यात मोहरी जास्त, मी लहानपणी खायचो तशी. पुढच्या रांगेतला एकजण राइटफील्डरच्या नावानं सारखा ओरडत होता, "मनगट सांभाळ रे राजा!" मीही मनात तेच म्हणत होतो का उलटं, हे इथं लिहिणार नाही.

१३ ऑगस्ट

सराव. एकावन्न चेंडू. एकही सुटला नाही. डॅड कालच्याच जागी.

सूज उतरली. राइटफील्डरनं दोन होमरन मारले.

१४ ऑगस्ट, विमानतळ

सकाळी बॅग न्यायला गेलो. बर्नी टेबलापाशी चष्मा लावून माझ्या शर्टावरचं नाव उसवत होता. बारीक कात्री, एकेक टाका. 'ब्रू' गेलं होतं, 'बेकर' राहिलं होतं. मला बघून ओशाळला.

"दोन दिवसांनी एक पिचर येतोय. नंबर तोच लागतो."

"काढा काढा. कात्री मागच्या बाजूनं घाला, कापड खेचत नाही," मी म्हटलं. हात शिवशिवत होते, म्हणून उरलेलं 'बेकर' मीच उसवून दिलं. बर्नी म्हणाला, हात हलका आहे.

१५ ऑगस्ट

परत केलर्सबर्ग. पोरांनी केक आणून ठेवला होता, सोमवारीच. त्यावर 'अभिनंदन आजोबा'. फेकून कसा देणार, आज सगळ्यांनी खाल्ला. ओस्वाल्दोनं मला दोन तुकडे वाढले.

मिठ्या परत करायची मात्र आमच्यात काही रीत नाही. सगळे जरा अंतरावरून बोलत होते, घरात कुणाला गोवर झाल्यासारखे.

स्किप म्हणाला, "कसं होतं गवत?"

"तुम्हाला काय सांगू, स्किप."

"बघितलंस ना पण."

"बघितलं."

"मग झालं," म्हणाला आणि नाक शिंकरून आत गेला. सर्दी झालीय त्याला, भर ऑगस्टात.

१९ ऑगस्ट

नोरीन आणि टिली आज गावी गेल्या. निरोप घेताना नोरीन म्हणाली, "लाइल, तू त्या दिवशी खाली त्या सगळ्यांच्या मिठ्यांत होतास ना, तेव्हा मला वाटलं, देवा, एकदाचं मिळू दे याला, म्हणजे तरी हा घरी येईल."

मी म्हटलं, "मिळेल गं."

तिनं गाडी सुरू केली.

२१ ऑगस्ट

डॅडचा फोन. डॅड स्वतःहून फोन करतात तेव्हा एक तर कुणी गेलेलं असतं नाहीतर गारा पडलेल्या असतात.

"लाइल, एक झालंय."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. पाटी लागलीय."

ते मिठ्यांचं ऐकलं त्याच रविवारी गावच्या मंडळानं चर्चसमोर उभ्याउभ्या ठराव केला. शाळेच्या वेल्डिंगच्या वर्गानं आठवडाभर खपून पाटी केली. लोखंडाची. सहा फूट रुंद. दोन खांबांवर, वेशीवर, धान्याच्या गोदामाच्या अलीकडे, हमरस्त्यावरून दिसेल अशी. 'हार्लो फोर्क. मोठ्या लीगचा खेळाडू लाइल ब्रूबेकर याचं गाव.'

"डॅड, तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना? तुम्ही तर तिथं होतात!"

"विचारलं त्यांनी, शर्ट घातला होता का? म्हटलं, घातला होता. त्या मैदानात उतरला का? म्हटलं, उतरला."

"आणि सामना?"

"ते कुणी विचारलं नाही."

"आता सांगा."

पलीकडे डॅड खोकले. मग म्हणाले, "अक्षरं कापून काढलीत रे त्यांनी. रंगवलेली असती तर पुसली असती."

मंडळाची पुढची बैठक ऑक्टोबरात. त्याआधी पाटीला हात लावायचा नाही, असा त्यांचाच नियम.

२४ ऑगस्ट

दुपारचा सामना. पाचव्या डावात ओस्वाल्दोला काढून घेतलं.

त्या राइटफील्डरचं मनगट अखेर मोडलंच, सकाळी सरावात. पोरगा धावत आला, तोंड पांढरं पडलेलं. सगळे एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. कुणी पुढे होईना. मग मीच गेलो आणि मिठी मारली. मग बाकीचे सुटले.

या वेळी मला का नेलं नाही? मी विचार केला. बारा दिवसांपूर्वीच मला तिथलं सगळं माहीत झालेलं, कागदपत्रंही तयार. लागोपाठ दोनदा एकाच माणसाला न्यायचं नसतं, असा काही नियम असणार.

ओस्वाल्दो बॅग भरताना जवळ आला. थट्टा नाही, काही नाही. "आजोबा, काय सांगाल?"

"खडी लागली की थांबू नकोस. भिंत जवळ वाटते. तीन पावलं उरतात. तीन, मोज."

"आणि?"

"आणि टोपी सरळ कर."

२५ ऑगस्ट

आम्ही सगळे दुपारी कपड्यांच्या खोलीत टीव्हीपुढे. सातव्या डावात उंच चेंडू उजवीकडे गेला. बॅटचा आवाज येताच पोरगं निघालं, बघत बसलं नाही. खडी लागली. मी मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन. भिंतीला पाठ लागली तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता. खोलीत दंगा झाला. मर्लनं पाण्याचा डबा सांडला.

मी इतका ओरडलो की घसा बसला. आधी ओरडलो, मग आठवलं की तिथं मी असायला हवा होतो. क्रम उलटा व्हायला हवा होता बहुतेक.

स्किप टीव्हीकडे नव्हताच बघत. माझ्याकडे बघत होता.

२१ सप्टेंबर

शेवटचा सामना झाला. चार वेळा बॅट धरली, चारदा बाद.

स्किपनं बोलावलं. "पुढच्या वर्षी पहिल्या बेसजवळ उभा राहा. शिकवायला. संघाचा शर्ट असेल, पगार असेल. पोरं तुझं ऐकतात."

"स्किप, माझ्यात अजून शंभरएक हिट आहेत."

"असतील."

"मग?"

"मग काही नाही. असतील म्हटलं ना." त्यानं बियांची पिशवी माझ्यापुढे केली. तेरा वर्षांत कुणा मॅनेजरनं मला बिया देऊ केल्या नव्हत्या. एक मूठ घेतली. दोघं चघळत बसलो.

"मी तुझ्या वयाचा असताना मला कुणी असं विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "मी आणखी तीन वर्षं खेळलो. ती तीन वर्षं मला कुणी परत देत नाही."

महिनाअखेरपर्यंत कळवतो म्हटलं. स्किपला पुढच्या वर्षी माणसं कमी पडत असावीत, असं लिहिणार होतो. लिहिलं नाही, असं समज.

२९ सप्टेंबर, हार्लो फोर्क

गावात शिरायचं तर पाटीसमोरूनच. आलो त्या दिवशी मान खाली घालून आलो. गाडी चालवताना मान खाली घालता येत नाही म्हणतात. येते.

पहिले तीन दिवस कुठं गेलो नाही. आता दुकानात गेलं तर दुकानदार दुधाचे पैसे घेत नाही. रस्त्यात लोक मागे वळून हसतात, हात हलवतात. नोरीन म्हणाली, "सांग ना सरळ." मी म्हटलं, "कुणाला? चारशे अकरा जणांना एकेकाच्या घरी जाऊन?" ती म्हणाली, "मला तरी सांग." मी बाहेर जाऊन पन्हाळी तपासत बसलो.

आज सकाळी सातला शिडी आणि पाना घेऊन वेशीवर गेलो. मंडळाची बैठक गेली खड्ड्यात. रविवार, सगळे चर्चच्या तयारीत, रस्ता मोकळा. सहा बोल्ट. दहा मिनिटांचं काम, मी रोज शिड्यांवरच असतो. पाटी उतरवायची, गोदामामागे उभी करायची, कुणी विचारलं तर वाऱ्यानं पडली म्हणायचं.

दोन बोल्ट सैल केले तोवर खाली डॅडची गाडी थांबली. डॅड उतरले. वर बघितलं. शिडीचे दोन्ही पाय धरले आणि तसेच उभे राहिले. माझ्या हातात पाना कशाला, विचारलं नाही.

तिसऱ्या बोल्टाला पाना लावला आणि रस्त्यावर दुसरी गाडी थांबली. मिसेस एस्टरहेल्ड. तिसरीत मला शिकवायच्या. आता ऐंशीच्या पुढे असतील, अजून स्वतः चालवतात, रस्त्याच्या मधोमध. काच खाली केली.

"हॅरोल्ड, वर आहे तो लाइलच का?"

"लाइलच, मॅडम," डॅड म्हणाले.

"मला कानानं कमी ऐकू येतं, रेडिओ कळत नाही. कुणी धड सांगत नाही. कसा खेळला तो तिथं?"

मी वर. पाना बोल्टात अडकवलेला. दोन हात खाली डॅडचं टक्कल. म्हटलं, आता ते सांगतील. सांगू देत. एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं सांगू देत, म्हणजे मी सुटेन.

डॅडनी घसा साफ केला. गोदामाच्या धुळीनं गेलेला तो आवाज, मॅडमना ऐकू जावा म्हणून ताणून ताणून त्यांनी काढला.

"दोन दिवस होतो मी तिथं मॅडम. नव्याण्णव चेंडू आले. एकही सुटला नाही त्याच्या हातून."

डॅडनी मोजले होते.

"मला माहीतच होतं," मॅडम म्हणाल्या. "शुद्धलेखन सोडलं तर बरा होता तो. पण वर काय करतोय?"

डॅडनी मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"बोल्ट सैल झाले होते, मॅडम," मी म्हटलं.

गाडी गेली. मी पाना उलटा फिरवला. सहाही बोल्ट आवळले आणि खाली उतरलो. पाय जमिनीला लागले तरी डॅडनी शिडी सोडली नव्हती.